बिनखाड्याचा बिभीषण

तिसगावच्या पूर्वेला, डोंगराच्या अंगाला नागझरी म्हणून तीस-चाळीस उंबऱ्यांची वस्ती आहे. तिथं जाऊन बिभीषणचं घर विचारा. पोरगं असो की म्हातारं, आधी तेच तुम्हाला विचारणार, "कोणता? बिनखाड्याचा ना?"

आता ज्याने ऊस फक्त रसवंतीवर पाहिलाय त्याला खाडा म्हणजे काय ते सांगायला हवं. ऊसतोडीच्या टोळीत ज्या दिवशी माणूस फडात उतरला नाही, तो दिवस खाडा. ताप आला, खाडा. घरी मयत झाली, खाडा. बायकांच्या अडचणीचे दिवस, तेही खाडेच. मुकादम एकेक खाडा ध्यानात ठेवतो आणि हंगाम उठताना वसूल करतो. बिभीषणने अठ्ठावीस हंगामांत एकही खाडा पडू दिला नव्हता. दिवाळी झाली की ट्रकमध्ये बसायचं, कोल्हापूर-सांगलीकडं जायचं, होळीच्या आगेमागे परत यायचं, आणि मधल्या एकाही दिवशी कोयता खाली ठेवायचा नाही.

एकदा तिकडच्या एका फडात भल्या सकाळी त्याच्या पायाला विंचू चावला. टोळीतल्या लोकांनी दवाखान्यात न्यायला घाईघाईने बैलगाडी जुंपली. बिभीषण पाय बांधत म्हणाला, "जुपलीच हाय तर ऊस भरा की तिच्यात. माझं काय न्हाई, त्या इच्चवाला बघा, त्याचं काय झालं ते." आणि दिवसभर एका पायावर तोड केली. दुसऱ्या एका साली दाढ सुजली. गालाला टॉवेल बांधून तीन दिवस तो मुक्याने ऊस तोडत होता. टोळी म्हणायची, हंगामातले तेच तीन दिवस खरे सुखाचे गेले!

असे किस्से तो स्वतः रंगवून सांगायचा. सांगता सांगता बायकोवर यायचा. "आमची रतन तर माझ्या वरची. पोरगं झालं, ओंकार, तवा चौदा दिसांची बाळंतीण, तरी मोळ्या बांधीत हुती." लोक माना डोलवायचे. रतनबाई तिथंच चुलीपाशी असायची, भाकरी उलटायची. तिला कुणी काही विचारत नसे आणि ती काही बोलत नसे. बत्तिसाव्या वर्षी तिने गर्भाशयाची पिशवी काढून टाकली. टोळीतल्या सात-आठ जणींनी काढली होती, म्हणून तिनेही. महिन्याच्या चार दिवसांची कटकट नको, एवढंच कारण. तेही बिभीषण असंच सांगायचा, शेतात नवी बोअर घेतल्यासारखं.

एक गोष्ट आणखी. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. "किती कोयते न्यायचे?" "पंधरा." म्हणजे तीस माणसं. एकटा गडी असला तर तो अर्धा कोयता. त्याला फारसं कुणी विचारत नाही, कारण गडी तोडणार, पण मोळी कोण बांधणार, डोक्यावर कोण वाहणार? बिभीषण आणि रतनबाई हा आप्पासाहेब मुकादमाच्या टोळीतला पहिला कोयता होता.

गेल्या हंगामात रतनबाईची कंबर दुखायला लागली. मोळ्या वाहून कुणाची दुखत नाही? तिने पट्टा बांधला. परत आल्यावर जात्याशी बसवेना, वाकता येईना. आषाढात एक दिवस हंडा उचलताना ती तिथंच खाली बसली आणि तिला उठताच येईना. मग नगर. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, पण नागझरीच्या तोंडात अजून नगरच. तिथल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं, तेव्हा डाव्या छातीत लिंबाएवढी गाठ निघाली. रतनबाईला ती दोन वर्षांपासून ठाऊक होती.

"सांगितलं का नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुकत नव्हती," रतनबाई म्हणाली. "आन् हंगामात कुटं दवाखाना."

गाठीचा आजार कंबरेच्या हाडात उतरला होता. कापून उपयोग नव्हता. पण गाठीचा तुकडा तपासून आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की ह्या जातीच्या गाठीला गोळ्या लागू पडतात. मुळापासून नाही जायची, पण दाबून ठेवता येते. कित्येक बायका कित्येक वर्षं काढतात. एक गोळी रोजची. दुसरी मोठी, ती तीन आठवडे रोज आणि मग एक आठवडा पूर्ण बंद. प्रत्येक फेरीला रक्त तपासायचं.

त्या आठवड्यात पंकजा आली. पंकजा म्हणजे बिभीषणच्या थोरल्या भावाची, कारभारीची मुलगी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. लहानपणी चार हंगाम ती ह्याच दोघांबरोबर फडावर पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहिली, उसाच्या वाढ्यावर झोपली. रतनबाईवर, म्हणजे तिच्या नानीवर, तिचा जीव. आल्या आल्या तिने रिपोर्ट वाचले, गोळ्यांची डबी उलटीसुलटी करून पाहिली आणि ओसरीवर मटकी निवडत बसलेल्या चुलत्या-चुलतीसमोर मांडी घालून बसली.

"तात्या, ही गोळी काय करते ते सांगू?"

"सांग की. मला वाटलं हाडात शिरून गाठी फोडती."

"फोडत नाही. थांबवते. बघा, आपलं अंग म्हणजे बारीक बारीक पेशी. एकीच्या दोन होतात, दोनाच्या चार. जखम भरते ती तशीच, केस वाढतात ते तसेच. पण कधी दोन व्हायचं आणि कधी गप बसायचं, हे पेशीतली प्रथिनं ठरवतात."

"डाळीत असत्यात ती?"

"तीच जात. पण ही आपल्याच अंगात घडलेली, अवजारांसारखी. एक जाऊन दुसऱ्याला चिकटतं, तिसऱ्याला ढकलतं, असा त्यांचा सगळा कारभार. त्यात एक आहे कायनेज. ते पेशीत बाराही महिने असतं, पण एकटं असलं की नुसतं बसून. दुसरं सायक्लिन. ते हंगामी. अंगातून 'वाढा' असा निरोप आला की तयार होतं, काम संपलं की मोडून टाकलं जातं. सायक्लिन येऊन कायनेजला चिकटलं, जोडी जुळली, की मगच काम चालू."

बिभीषणच्या हातातली मटकी तशीच राहिली. "थांब थांब. म्हंजी कोयता!"

"व्हय तात्या, कोयताच!" पंकजा हसली. इतकी सोपी उपमा तिला सुचली नव्हती.

"एकट्याला कोन इचारतंय? जोडी झाली की तोड चालू. बरं, मग पुढं?"

"पुढं एक राखणदार प्रथिन आहे. वाढीची सगळी हत्यारं तो मुठीत आवळून बसलेला असतो. ही जोडी त्याच्या अंगावर एकेक चिठ्ठी चिकटवते. चिठ्ठ्या भरपूर झाल्या की त्याची मूठ सुटते, हत्यारं मोकळी होतात आणि पेशी एकाची दोन व्हायला निघते."

"कारखान्याची चिठ्ठी आल्याबिगर फडाला कोयता लागत न्हाई, तसंच!"

"तसंच. आणि हे काही माणसातच नाही. उंदरात, कुत्र्यात, तुमच्या त्या म्हशीत, जेवढी म्हणून दूध पाजणारी जनावरं आहेत त्या सगळ्यांत हीच जोडी. आम्ही उंदराच्या पेशीत बघतो, ते नानीच्या पेशीला लागू पडतं."

"म्हशीत बी!" बिभीषणने गोठ्याकडं बघितलं. म्हैस रवंथ करत होती. तिच्यात आत एवढा कारभार चाललाय हे तिला ठाऊक नसावं. "मग हिच्यात काय बिनसलं?"

"नानीच्या गाठीत तो 'वाढा'चा निरोप थांबतच नाही. जोडी सारखी जुळलेली, चिठ्ठ्या सारख्या चाललेल्या. रोजची गोळी निरोप कमी करते. ही मोठी गोळी थेट कायनेजच्या खाचेत जाऊन बसते. जोडी जुळली तरी तिला हात हलवता येत नाही."

"म्हंजी कोयत्याची मूठच धरून ठेवायची! आगं पन लई भारी काम हाय हे!" बिभीषण उठलाच. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडावर रंग आला होता. आजार म्हणजे काय ते कुणी त्याला त्याच्या भाषेत सांगितलं नव्हतं. आता तो त्याच्या ओळखीचा झाला, शेजारच्या टोळीसारखा. "आप्पासाहेबाला सांगून येतो. तो म्हनत हुता करनी केली कुनी."

"तात्या बसा, अजून संपलं नाही. सुट्टीच्या आठवड्याचं राहिलंय..."

"डाक्टरीन बोलल्यात ते. तीन आठवडे, मग एक बंद. हाय ध्यानात." आणि तो चपला घालून गेलासुद्धा.

वस्तीवर त्याने चार ठिकाणी ही कथा सांगितली. चौथ्या ठिकाणी पोचेपर्यंत तिच्यात कायनेजला मिशा फुटल्या होत्या. पारावर आप्पासाहेबाने विचारलं, "मंग ती गोळी म्हंजी मुकादमच का रे?" बिभीषण म्हणाला, "मुकादम कशाला, मुकादमाच्या वर. मुकादम जोडी लावतो, ही अडकिवती." दिवसभर तो पेशींतच होता.

पंकजाने जे सांगायचं राहिलं होतं ते रतनबाईला सांगितलं. रतनबाईने मटकी निवडता निवडता ऐकलं.

श्रावणात गोळ्या चालू झाल्या. बिभीषणने डबी स्वतःच्या ताब्यात ठेवली. सकाळी जेवण झालं की गोळी स्वतःच्या तळहातावर काढायची, पाण्याचा तांब्या पुढं धरायचा आणि गिळून तोंड उघडायला लावायचं. रतनबाई तोंड उघडायची. एकवीस दिवस असे गेले. कंबरेची कळ कमी झाली, ती भिंतीला धरून अंगणात यायला लागली. रक्त तपासलं, ठीक होतं. मग सुट्टीचा आठवडा लागला.

तो आठवडा बिभीषणला जाता जाईना. रिकामी डबी कोनाड्यात दिसायची, तो ती उघडून बघायचा आणि परत ठेवायचा. मूठ सोडली की कोयता चालणार, एवढं त्याला कळत होतं. आज जोड्या जुळत असतील. आज चिठ्ठ्या चिकटत असतील. चौथ्या दिवशी रतनबाई कंबर धरून ओसरीवर बसली.

"दुकतंय का?"

"जरासं. काल शेनाच्या पाट्या उचलल्या त्याचं असंल."

पण बिभीषणचा हिशेब पक्का झाला. अठ्ठावीस वर्षं त्याने एकच गोष्ट पाहिली होती. जी टोळी एक दिवस बसते, तिचा फड दुसरी टोळी तोडून नेते. सुट्टीचा आठवडा हे त्याला कारखान्याच्या बाबूंच्या रविवारासारखं वाटलं. दवाखान्याची पद्धत असेल, नाजूक माणसांसाठी असेल. रतनला काय त्याचं? चौदा दिवसांच्या बाळंतपणात ती बसली नव्हती.

भादव्यात दुसरी फेरी चालू झाली. ती संपायच्या आधी तो एकटाच नगरला गेला. "पाव्हण्यांकडं लांब जायचंय, पुढच्या गोळ्या आधीच द्या," असं सांगून खिडकीवरून डबी आणली. बाविसाव्या दिवशी सकाळी त्याने नेहमीसारखी गोळी तळहातावर धरली.

रतनबाईने गोळीकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. "सुट्टी लागली ना आजपास्नं?"

"डाक्टरीन बोलल्या, ह्या बारीला सलग घ्यायच्या."

तिने पाण्याचा तांब्या हातात घेतला. मग गोळी उचलली, गिळली आणि तोंड उघडून दाखवलं.

रक्त तपासायचा दिवस आला तेव्हा तो म्हणाला, "रगत काढू काढू बाई वाळंल." तपासणी राहिली. रोज एक गोळी. तोंडात फोड आले तेव्हा त्याने गेरू-मध लावला. ती जिना चढून आल्यासारखी धापा टाकू लागली, तर त्याला वाटलं, आत लढाई चाललीय, दम लागणारच. पंकजाचा फोन यायचा. "तात्या, नानी कशी आहे?" "एकदम झ्याक." नवरात्रात सगळीकडं घट बसले होते. तो मनात दिवस मोजत होता आणि त्याला अभिमान वाटत होता.

चाळिसाव्या दिवशी दुपारी रतनबाई थंडीने कापायला लागली. तीन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. अंग तव्यासारखं. हाक मारली तर भलतंच उत्तर द्यायला लागली. "मोळी सुटली, मोळी सुटली," म्हणायची. बिभीषणने आप्पासाहेबाची जीप आणली, तिला मागच्या सीटवर आडवी घातली, आणि करंजीचा घाट उतरताना तिचं डोकं मांडीवर धरून तो पहिल्यांदा घाबरला.

दवाखान्यात तिला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जाणाऱ्याने तोंड बांधायचं, हात धुवायचे. तासाभरात रक्ताचा कागद आला. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला.

"अंगात शिरलेल्या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात. कमीत कमी दीड-दोन हजार हव्यात. ह्यांच्या एकशे ऐंशी आहेत. साध्या हगवणीनेसुद्धा माणूस जाईल. सुट्टीचा आठवडा पाळला होता ना?"

"व्हय," बिभीषण म्हणाला. तोंडातून निघून गेलं.

"रक्त तपासलं होतं मधे?"

"तिसगावला तपासलं. कागद घरी राहिला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "मग दोनच अर्थ निघतात. एक तर ही गोळी ह्यांना सोसत नाही, नाही तर आजार हाडातल्या मगजात पसरलाय आणि तिथून पेशी तयारच होत नाहीयेत. काहीही असलं तरी ही गोळी आता बंद. ताप उतरला की कंबरेच्या हाडातून सुई घालून मगज काढून बघू. मग सलाईनमधून कडक औषध. सोसेल की नाही सांगता येत नाही, पण दुसरा मार्ग उरत नाही."

बिभीषण बाहेर आला आणि दवाखान्याच्या भिंतीला टेकून खाली बसला. समोर रिक्षावाले चहा पीत होते. कुणीतरी मोठ्याने हसलं. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. खरं बोललो तर डाक्टरीन हाकलून देईल. पुतणी तोंड बघणार नाही. वस्तीवर नाव निघेल, बिनखाड्याने बायकोला मारली. आणि नाही बोललो तर रतनच्या कंबरेत सुई घालणार, जी गोळी लागू पडली ती कायमची बंद होणार.

आप्पासाहेबाने निघतानाच फोन केला होता, म्हणून संध्याकाळच्या आत पंकजा पुण्याहून आली. ती धावतच आत गेली, कागद बघून बाहेर आली.

"तात्या, एक नीट सांगा. ह्या गोळीने पेशी कमी होतात, पण एवढ्या नाही होत. सुट्टीत त्या परत वाढतात. म्हणूनच तर ती सुट्टी. त्या दिवशी तुम्ही निघून गेलात. ती जोडी नुसती गाठीत नसते हो. हाडाच्या मगजात पांढऱ्या पेशी सारख्या जन्माला येतात, त्याही त्याच जोडीच्या जिवावर. गोळीला काय कळतंय कुणाची जोडी ते? ती सगळ्यांचीच मूठ धरते. सात दिवस सोडलं की मगज दणादणा पेशी करून घेतो. गाठ तेवढ्यात फारशी उठत नाही, रोजची गोळी चालूच असते."

बिभीषण भिंतीला धरून उठला.

"तात्या? पाळली ना सुट्टी?"

"मी जरा तिला बघून येतो," तो म्हणाला.

तोंडाला फडकं बांधून तो आत गेला. रतनबाईला सलाईन लागलं होतं. ताप थोडा उतरला होता, डोळे उघडे होते. तो खुर्चीच्या टोकावर बसला.

"रतन, मी तुला सुट्टीत बी गोळ्या दिल्या. डाक्टरीन तसं बोलल्या नव्हत्या."

"ठावं हाय मला."

"काय?"

"पंकीनं सांगितलं हुतं समदं. चांगल्या पेशींना इसावा लागतो म्हनून."

"आगं मग घ्यायची न्हाई! नको म्हनायचं!"

रतनबाईने ओठ ओले केले. फोडांमुळे बोलायला तिला त्रास होत होता. "आवं, आख्ख्या जल्मात तुमी मला एक दिस बसू दिलं न्हाई. पोर झालं तवा न्हाई, पिशवी काढली तवा न्हाई. टाके वले हुते माझे. तवा नको म्हनले व्हते मी. आठवतंय का?"

त्याला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. त्याला त्या हंगामातली विंचवाची गोष्ट आठवत होती, कुठल्या फडात किती गाड्या भरल्या ते आठवत होतं, पण तिने नको म्हटलेलं आठवत नव्हतं.

"मग मला वाटलं," ती म्हणाली, "आता तरी कशाला तोंड वाजवायचं. दिली, घेतली."

तिने डोळे मिटले. चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं.

बिभीषण उठला तो थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीशी गेला. बाहेर बारा-पंधरा पेशंट बाकड्यावर बसले होते. दारातल्या मुलीने अडवलं, "काका, नंबर." "माझा नंबर गेला बाई," म्हणत तो आत शिरला. दार उघडंच राहिलं. त्याने टोपी काढून हातात घेतली.

"बाई, मी खोटं बोल्लो. सुट्टी पाळली न्हाई. रगत तपासलं न्हाई. चाळीस दिस सलग दिल्या गोळ्या. तिची चूक न्हाई, मी माझ्या हातानं दिल्या."

डॉक्टरीणबाई लिहायच्या थांबल्या.

"चाळीस?"

"चाळीस. डब्या हायती घरी, बांधून ठिवल्यात."

"का?"

काय सांगणार? त्याच्यापाशी विंचवाची गोष्ट होती, दाढेची गोष्ट होती. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्यावर लोक हसले, माना डोलावल्या, त्यांतली एकही त्याला त्या खोलीत सांगता येईना. "बसायची सवय न्हाई मला," एवढंच तो म्हणाला.

"तुम्ही मारलं असतं तिला. कळतंय का?" डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. मग दारातून बाहेर बसलेल्यांकडं बघून त्यांनी आवाज खाली घेतला. "अजूनही सांगता येत नाही. पण हे तुम्ही आत्ता बोललात म्हणून सुई थांबवते. मगज बिघडला नसेल, नुसता दबलेला असेल, तर गोळी बंद केल्यावर पेशी आपोआप चढतील. नाही चढल्या, तर मी मघाशी बोलले तेच खरं. आपल्याला फक्त वाट बघायची आहे."

पंकजा दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती चुलत्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने चहाचा कप आणून त्याच्या शेजारी ठेवला, तोही न बोलता.

पुढचे दिवस बिभीषणने दवाखान्याच्या जिन्याखाली काढले. रोज सकाळी रक्त जायचं, दुपारी आकडा यायचा. एकशे ऐंशीचे दुसऱ्या दिवशी एकशे साठ झाले. तिसऱ्या दिवशी एकशे नव्वद. चौथ्या दिवशी परत ताप चढला आणि औषध बदललं. एकदा त्याने झाडूवालीच्या हातातला झाडू घेऊन जिना झाडून काढला. तिने त्याला शिव्या दिल्या. "तुमची जागा मला खायची न्हाई, बाई," तो म्हणाला, "नुसतं बसवत न्हाई." पाचव्या दिवशी दोनशे चाळीस. सहाव्या दिवशी सहाशे दहा, आणि पंकजा कागद घेऊन धावत खाली आली. "चढतायत तात्या! मगज जागा आहे!" आठव्या दिवशी तेराशे झाल्या. बिभीषण पाठ फिरवून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

डॉक्टरीणबाईंनी गोळी कायमची बंद केली नाही. मधे महिनाभर थांबून, ताकद कमी करून, परत सुरू करायची ठरवलं. डबी देताना मात्र बिभीषणच्या पसरलेल्या हाताकडं त्यांनी बघितलंही नाही. ती त्यांनी रतनबाईच्या ओटीत ठेवली.

दिवाळी झाली. वस्तीवर ट्रक आला. आप्पासाहेब ओसरीवर येऊन बसला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी म्हणाला, "बिभीषण, टोळीतल्या संस्कृतीच्या नवऱ्याचा हात मोडलाय. ती एकटी, तू एकटा. एक कोयता व्हतोय बघ."

आत रतनबाई भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

"न्हाई," बिभीषण म्हणाला.

"आरं, घरी काय करनार तू?"

"बघतो काय करता येतंय ते. तिला धुनं उचलत न्हाई."

"धुनं?" आप्पासाहेब हसायला लागला, मग त्याचं तोंड बघून थांबला. ट्रक गेला तेव्हा बिभीषण म्हशीच्या आडोशाला उभा राहिला. वस्ती अर्धी रिकामी झाली. दारांना काटेरी फांद्या लागल्या. त्याला एखाद्या चोरासारखं वाटत होतं, दिवसाढवळ्या घरी राहिलेला गडी.

नवीन फेरी सुरू झाली. रतनबाई स्वतः डबी उघडायची, स्वतः गोळी घ्यायची. तोंड उघडून दाखवायची नाही. एकवीस दिवस झाल्यावर तिने डबी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली गळ्यातल्या पोतीला बांधली. त्याने बघितलं.

सुट्टीचा आठवडा मार्गशीर्षात आला. ज्वारी हुरड्यात होती. अठ्ठावीस वर्षांत त्या दोघांनी स्वतःच्या शेतातला हुरडा खाल्ला नव्हता. हुरड्याच्या दिवसांत ते सांगलीकडं असायचे, आणि परत यायचे तेव्हा शेजाऱ्याने काढलेलं कणीस खळ्यावर असायचं. रतनबाई हळूहळू चालत बांधापर्यंत आली. बिभीषणने आगटी पेटवली, कणसं भाजली, पण ती त्याने करपवली. त्याला कणीस भाजता येत नव्हतं. तिने काठीने उलटवून दाखवलं. "निखाऱ्यात घालायचं न्हाई, राखंत."

तो आठवडाभर रोज तिचा चेहरा वाचत होता. तिचा हात कंबरेला गेला की तो हातातलं काम टाकून बघायचा. तीन महिन्यांनी हाडांचा फोटो निघणार होता. गाठ दबली की वाढली, ते तोवर कुणालाच कळणार नव्हतं. त्या चाळीस दिवसांच्या गोळ्यांनी काय बिघडवलं आणि काय नाही, तेही नाही. एकदा त्याच्या तोंडातून निघालंच, "आत काय चाललं असंल गं?"

"चाललं असंल काय तरी," ती म्हणाली.

सातव्या दिवशी सकाळी तिसगावला रक्त दिलं. दुपारी मोबाईलवर कागद आला, तो पंकजाला पाठवला. फोन लगेच वाजला. "एकवीसशे, तात्या! छान आहेत. उद्यापासून नवी डबी."

बिभीषण शेतात गेला. रतनबाई बांधावर सावलीत बसली होती, समोर राख, मांडीवर सुपात चोळलेला हुरडा.

"एकवीसशे आल्या. उद्यापास्नं चालू म्हनली पंकी."

"बरं."

"डबी काढून ठिवू का?"

"उद्याची उद्या बघू," ती म्हणाली. "आज सातवा हाय. बसा जरा."

तो बसला. तिने सूप दोघांच्या मधे सरकवलं. तो मूठभर हुरडा घेऊन चावू लागला आणि थोड्या वेळाने सवयीने उठायला गेला, तेव्हा तिने त्याच्याकडं नुसतं बघितलं. तो परत खाली बसला. ऊन उतरेपर्यंत दोघं तिथंच होती.